पहिल्या दाताचे मोदक

(गेल्या वर्षीच्या उत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. मंडळाच्या आग्रहावरून वक्त्यांनी स्मरणिकेसाठी लिहून दिला. – संपादक)



सचिवांनी मला ‘रेल्वे सुरक्षा आणि आपण’ असा विषय दिला होता. मी विनंती करून तो बदलून घेतला. फाटक बंद असताना खालून वाकून जाऊ नका, एवढे सांगितले की त्या विषयातले निम्मे सांगून होते. दुसरे म्हणजे मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ, स्लीपर आणि खडी यांत वीस वर्षे काढलेला माणूस आहे. त्यामुळे जे स्वतः पाहिले तेवढेच सांगता येईल.

आमच्या घरात यंदा बाळ आले आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. धाकट्या भावाला मुलगी झाली. सात महिन्यांची आहे. गेल्या सोमवारी आईने तिला पेज भरवताना चमचा खालच्या हिरडीला लागला आणि टक्क असा आवाज आला. आई ओरडली, “दात आला!” सगळे घर गोळा झाले. मी मात्र बाहेर जाऊन श्रीलंकेत किलिनोच्चीला फोन लावला. भावजयीला वाटले, दादांचे डोके फिरले. पुतणीला दात आला तर परदेशात फोन कशाला? त्याचे उत्तर म्हणजे आजचे हे भाषण.

२०१२ ते २०१४ मी इरकॉनमध्ये डेप्युटेशनवर होतो. श्रीलंकेच्या उत्तरेकडची रेल्वे भारत सरकारच्या कर्जातून पुन्हा बांधायचे काम इरकॉनकडे होते. ओमंथै ते पळ्ळै नव्वद किलोमीटर आणि तिथून जाफना करत समुद्रकाठच्या कांकेसंतुरैपर्यंत छप्पन्न किलोमीटर. मला निवडले त्याचे कारण माझी हुशारी नव्हे. त्रिचीत राहून मला तमिळ येत होते, एवढेच. ते तमिळ ऐकून तिकडचे लोक तोंडावर हात ठेवून हसत, कारण जाफन्याचे तमिळ फार वेगळे. आपल्या विट्याच्या माणसाने वेंगुर्ल्यात जाऊन बोलावे तसे.

तरुण मंडळींसाठी थोडे मागचे सांगतो. श्रीलंकेत १९५६ साली फक्त सिंहली हीच राजभाषा असा कायदा झाला आणि तमिळ माणसाच्या मनात जी अढी बसली ती पुढे वाढतच गेली. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ वाघांनी तेरा सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची घरेदारे जाळली गेली, माणसे मारली गेली. तिथून युद्ध पेटले ते मे २००९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षे. मध्ये १९८७ ते १९९० आपली शांतिसेना गेली, अकराशेहून अधिक भारतीय जवान तिथे कामी आले. १९९१ साली श्रीपेरुंबुदूरला काय झाले ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. शेवटच्या काही महिन्यांत किती सामान्य माणसे मेली यावर अजून वाद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०११ मध्ये चाळीस हजारांपर्यंतचा आकडा शक्य मानला, तिथल्या सरकारने तो मान्य केला नाही. मी आकड्यांच्या वादात पडत नाही. मी एका घरात दोन वर्षे भाड्याने राहिलो, त्या घराचे सांगतो.

त्याआधी रुळांचे. कोलंबोहून कांकेसंतुरैपर्यंतची लाईन इंग्रजांनी १९०५ साली पुरी केली होती. १९५६ पासून तिच्यावर ‘याळ देवी’ नावाची गाडी धावायची. याळ्प्पाणम् म्हणजे जाफना, त्या जाफन्याची देवी. जून १९९० मध्ये ती बंद पडली. आम्ही गेलो तेव्हा लाईन होती कुठे? मातीचा भराव तेवढा होता आणि त्यावर वीस-बावीस वर्षांची झाडे. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत, फिशप्लेट नाही. आधी वाटले, भंगारात गेले असतील. मग कळले की बरेचसे जमिनीखाली आहेत. दोन्ही बाजूंनी रूळ आणि स्लीपर उपटून बंकरच्या छताला वापरले होते. रूळ वरून तोफगोळ्याचा मार सोसतो, हे आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवले नव्हते!

आमच्या आधी भूसुरुंग काढणारी पथके जायची. त्यांत भारतातून आलेली निवृत्त लष्करी माणसेही होती. लाल डोक्याच्या काठ्या दिसल्या की पलीकडे पाऊल टाकायचे नाही. लघवीला जायचे तरी पट्टीच्या आत. पहिले सहा महिने माझी मान कायम खाली असायची. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, “रस्त्यात पैसे शोधताय काय?”

किलिनोच्चीत मी ज्या घरी राहिलो, त्या घरमालकीणबाईंना आम्ही अम्मा म्हणायचो. त्या मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. वयाने त्या माझ्या आईएवढ्या, पण तिकडची पद्धत तशी. नवरा पूर्वीच आजाराने गेलेला. घरात त्या आणि त्यांची मुलगी, जावई कामानिमित्त वव्हुनियाला. पत्रे नवीन, भिंती जुन्या, भिंतीवर गोळ्यांची भोके सिमेंटने बुजवलेली. बैठकीत एका तरुण मुलाचा फोटो होता.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. २०१२ च्या दसऱ्याला आम्ही साइटवर मशीनची पूजा केली, हार उरले होते. मी घरी आणले. देवांना घातले, अम्मांच्या नवऱ्याच्या फोटोला घातला आणि शेवटचा त्या मुलाच्या फोटोला घातला. आपल्याकडे आपण घालतोच. अम्मा स्वयंपाकघरातून आल्या, काही बोलल्या नाहीत. स्टूल घेतले, वर चढल्या, मुलाच्या फोटोचा हार काढला आणि तो तुळशीपाशी नेऊन ठेवला. मग मला म्हणाल्या, “तंबी, तो यायचा आहे.”

नंतर हळूहळू कळले. मे २००९ मध्ये हे सगळे कुटुंब मुल्लैत्तीवच्या किनाऱ्याकडून लाखो लोकांबरोबर बाहेर पडले. ओमंथैला तपासणी होती. रांगेतून मुलाला बाजूला घेतले, नाव लिहून घ्यायचे आहे म्हणून. तो आईला म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी येतो. त्यानंतर त्यांना छावणीत ठेवले, अडीच लाखांहून जास्त माणसे तारांच्या आत होती. २०१० मध्ये त्या घरी परतल्या. मुलगा आला नाही, मेल्याचा कागदही आला नाही. आमच्या कामाचा पहिला किलोमीटर त्याच ओमंथैपासून सुरू होत होता. रोज सकाळच्या रिपोर्टवर मी ते नाव लिहायचो. हार काढला त्या दिवसापासून ते नाव लिहिताना हात थोडा अडखळू लागला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये अम्मांच्या मुलीला मुलगा झाला. युद्धानंतर त्या घरात आलेले पहिले मूल. काय तो आनंद! अम्मा रात्रंदिवस चुलीपाशी, बाळंतिणीसाठी मसाल्याचे सार आणि माशाचे कालवण. बाळाच्या मनगटाला वेखंडाच्या मण्यांचा गोफ. आपल्याकडेही बाळाला वेखंड उगाळून देतात, म्हणून मी ओळखून म्हणालो, “हे तर वेखंड! तुमचा वसंबु ना?” तर अम्मांनी माझ्या तोंडावर बोट ठेवले. दिवेलागण झाली होती. रात्री त्याचे नाव घेत नाहीत, त्याला ‘नाव न घ्यायचे औषध’ म्हणतात.

एकतिसाव्या दिवशी विटाळ फिटला आणि नावाचा प्रश्न आला. मुलीची इच्छा, भावाचे नाव ठेवावे. जावयाचीही तीच. नातेवाईक जमले होते, सगळ्यांचे मत तेच पडले. आपल्याकडे गेलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तसेच तिकडेही चालते. अम्मा ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “एका घरात एका नावाचे दोघे कसे चालतील? हाक मारली तर दोघे येतील.” कोणी काही बोलले नाही. मुलगी उठून आत गेली आणि बराच वेळ रडत होती. तिची बाजू मला तेव्हा कळली नाही, आता कळते. तिला भावाचे नाव घरात पुन्हा ऐकायचे होते. आईला ते नाव मोकळे सोडायचे नव्हते. दोघींचे प्रेम एकाच माणसावर, आणि त्यावरून घरात पंधरा दिवस अबोला. शेवटी वेगळे नाव ठेवले. ते मी इथे सांगत नाही, मुलगा आता बारा वर्षांचा आहे, त्याला आवडणार नाही.

बाळ पोटावर पालथे पडू लागले तेव्हा अम्मांना दुसरी काळजी लागली. मागच्या अंगणात बंकर होता. त्या भागात युद्धात घरोघरी असत, विमान आले की आत शिरायचे. इंग्रजी एल अक्षरासारखा खड्डा, वर माडाची खोडे, वर मातीची पोती. “हा रांगू लागला तर पडेल. तंबी, तू इंजिनिअर ना, बुजवून दे.” रविवारी आम्ही चौघे-पाच जण फावडी घेऊन गेलो. आधी तपासणीवाल्यांकडून खात्री करून घेतली, मग वरची पोती काढली. माडाच्या खोडांच्या मध्ये दोन रूळ निघाले, पुरुषभर लांबीचे, कापलेले. रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. मी गंज खरवडून वाचायला बसलो, सवयच ती. अम्मा म्हणाल्या, “ते काय वाचतोस? याच्याखाली मी आणि माझी दोन मुले एकदा तीन दिवस होतो. मुलगा म्हणायचा, अम्मा, आपण रेल्वेखाली बसलोय, तिकीट काढलंस का?” आणि त्या हसल्या. तो मुलगा विनोदी होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. तोवर माझ्या लेखी तो फक्त एक फोटो होता.

खड्डा बुजवायला दीड ट्रॉली मुरूम लागला. वर त्यांनी कढीपत्ता लावला.

आमच्या गँगबरोबर श्रीलंका रेल्वेचा एक सिंहली तंत्रज्ञ होता, माझ्याच वयाचा. गडी कामाला वाघ होता (हा शब्द तिकडे वापरायची चोरी, पण इथे चालेल). त्याचा मामा २४ जुलै १९९६ ला देहिवळ्याला लोकलमधल्या बॉम्बस्फोटात गेला. संध्याकाळची ऑफिस सुटल्याची गाडी, साठांहून जास्त माणसे गेली. रेल्वेत काम करणाऱ्याला लोकलच्या डब्याचे तसे वर्णन ऐकवत नाही. तो अम्मांच्या घरी येत नसे. दारापर्यंत येई, हॉर्न वाजवी. त्याला आत यायला काय वाटत असेल आणि अम्मांना त्याला आत बोलवायला काय वाटत असेल, हे मी कधी विचारले नाही. विचारायचे नसते असे मला वाटले.

आता सप्टेंबर २०१३ कडे येतो. त्या वर्षी गणेश चतुर्थी ९ सप्टेंबरला होती आणि किलिनोच्चीपर्यंतच्या लाईनचे उद्घाटन ठरले होते १४ सप्टेंबरला. माझी पत्नी तेव्हा मिरजेला माहेरी, दिवस भरलेले. माझी रजा मंजूर झाली होती, तिकीटही हातात होते. कोणी थांब म्हटले नव्हते. मीच थांबलो. मनात म्हटले, पहिली गाडी येताना आपण नसलो तर काय अर्थ? ११ तारखेला पहाटे मुलगी झाल्याचा फोन आला. ती आज तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि हे सगळे तिला माहीत आहे.

मी पेढे नाही म्हणून मुरिकंडीचे शेंगदाणे वाटायला आणले. मुरिकंडीला रस्त्याकाठी पिल्लैयारचे छोटे देऊळ आहे, जाफन्याच्या वाटेवरची झाडून सगळी वाहने तिथे थांबतात, नारळ फोडतात आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन पुढे जातात. पिल्लै म्हणजे मूल, त्याला आदराचा प्रत्यय लावला की पिल्लैयार, म्हणजे आपले बाप्पा. आपल्या त्रिचीच्या उच्ची पिल्लैयारनेही नाही का श्रीरंगाला लंकेत नेणाऱ्या बिभीषणाला इथेच अडवले? तर मी शेंगदाणे घेऊन मोठ्या उत्साहाने सांगितले, “अम्मा, मुलगी झाली!” त्यांनी आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग विचारले, “मग तू इथे काय करतोस?” मी उद्घाटनाचे सांगितले. त्या म्हणाल्या, “ज्याला घरी जाता येतं, तो इथे बसतो?” त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मात्र आजही कोणी रजा मागायला आला आणि कारण बाळंतपण असेल तर मी अर्ज पुरता वाचत नाही, सही करतो.

नेमक्या त्याच आठवड्यात नातवाला पहिला दात आला होता, आणि १२ तारखेला त्याचा समारंभ होता. जाफन्याकडे या समारंभाला ‘पल्लुक् कोळुक्कट्टै’ म्हणतात. पल्लु म्हणजे दात, कोळुक्कट्टै म्हणजे आपले मोदक, फक्त आकार करंजीसारखा. तांदळाच्या पिठाची पारी, आत मूगडाळ, गूळ आणि खोबरे. कडेला ओल्या खोबऱ्याचे पातळ काप टोचून बसवतात, म्हणजे मोदकालाच दात आल्यासारखे दिसते. बाळाला मधे बसवतात, डोक्यावर पांढरे कापड धरतात आणि वरून ते छोटे मोदक ओततात. मुले गोळा करायला तुटून पडतात. मी पाहतच राहिलो. अहो, हे तर आपले बोरनहाण! मी अम्मांना बोरे, चुरमुरे, हलवा सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “मग तुझ्या मुलीला दात आला की तू हे कर, आम्ही बोरे टाकू.” नंतर ताटात पुस्तक, पेन, सोन्याची अंगठी, असे काय काय ठेवून बाळासमोर ठेवतात. ज्याला हात लावेल ते त्याचे भविष्य. त्या पठ्ठ्याने सगळ्या वस्तू बाजूला सारल्या आणि ताटच ओढून चावायला घेतले. हॉटेल काढणार, असा निकाल लागला.

त्या दिवशी सिंहली मित्राने दारात हॉर्न वाजवला. मी बाहेर निघालो, तर अम्मा माझ्या आधी गेल्या. त्याला तमिळ येत नाही, अम्मांना सिंहली येत नाही. त्यांनी बाळ दाखवले आणि आत हात केला. तो बूट काढून आत आला, भिंतीला टेकून बसला. चार मोदक खाल्ले. फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. जाताना बाळाच्या मुठीत त्याने नोट ठेवली. यापेक्षा जास्त काही घडले नाही. तो पुन्हा कधी आत आला नाही, पण हॉर्न वाजवायचा बंद झाला, हाक मारू लागला.

१४ तारखेला गाडी आली. सव्वीस वर्षांच्या माणसाने जन्मात रेल्वे पाहिलेली नाही असे तिथे कितीतरी होते. म्हाताऱ्या बायका इंजिनाला हात लावून नमस्कार करत होत्या. बँड, भाषणे, झेंडे. मी माझ्या कामात, कारण नव्या भरावावरून पहिली गाडी जाताना इंजिनिअरचे लक्ष बँडकडे नसते. गर्दीत मला अम्मा दिसल्या. नवी साडी, कडेवर नातू. त्या इंजिनाकडे बघत नव्हत्या. एकेका डब्याच्या दाराकडे जात होत्या, उतरणाऱ्या प्रत्येकाचे तोंड बघत होत्या. शेवटच्या डब्यापर्यंत गेल्या. मग नातवाला म्हणाल्या, “बघितलीस रेल्वे?” आणि घरी निघाल्या.

आम्हाला त्या दिवशी शाबासकीची पत्रे मिळाली. माझे पत्र कपाटात आहे.

मी मुलीला पाहिले ते ती पंचवीस दिवसांची झाल्यावर. पुढे मार्च २०१४ मध्ये लाईन पळ्ळैला आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला जाफन्याला पोहोचली, याळ देवी पुन्हा सुरू झाली. मी त्याआधीच परत आलो होतो. मुलीला पहिला दात आला तेव्हा आम्ही मोदक करायचे राहून गेले. कामाच्या धबडग्यात मी अम्मांना कळवलेसुद्धा नाही. ही दुसरी चूक.

म्हणून यंदा पुतणीच्या वेळी सोमवारी आधी फोन लावला. अम्मा आता थकल्या आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीपासून किलिनोच्चीत कंदस्वामी देवळासमोर बेपत्ता मुलांच्या आया धरणे धरून बसल्या, त्यांत त्या आहेत. फोटो हातात घेऊन बसतात. त्या आयांपैकी कितीतरी जणी उत्तर न मिळताच वारल्या. मी सांगितले, “अम्मा, भावाच्या मुलीला दात आला.” त्या म्हणाल्या, “खोबऱ्याचे काप उभे टोच, आडवे टोचलेस तर पडतात.” आणि मग, “नाव काय ठेवलं?” मी सांगितले. त्यांनी दोनदा म्हणून पाहिले, आणि म्हणाल्या, हाक मारायला चांगले आहे.

तर मंडळी, उद्या सकाळी आमच्या क्वार्टरमध्ये हा समारंभ आहे. आईने मोदकांबरोबर चुरमुरे आणि हलवाही आणला आहे, भाद्रपदात बोरे मिळत नाहीत म्हणून. समोरच्या बच्चेकंपनीने अवश्य यावे, मोदक पकडायला तेच लागतात. अम्मांना व्हिडिओ कॉल लावणार आहोत. फक्त साडेआठच्या आत या. नऊ वाजता त्यांना घरून निघायचे असते.

गणपती बाप्पा मोरया!